रत्नागिरी ते आंबोळगड किनाऱ्याने पायी: सडे, कडे, खाड्या आणि ओहोटीचा हिशोब

केळीपट्टा (चोपडा)

राम राम मंडळी.

आम्ही सात जण आहोत, वयं २८ ते ६१. तोरणमाळ, पाटणादेवी, मनुदेवी ही नेहमीची ठिकाणं. आता समुद्राच्या कडेने चालायचं ठरतंय. रत्नागिरीजवळच्या भाट्ये पुलापासून निघून वायंगणी, पावस, गणेशगुळे, पूर्णगड, गावखडी, कशेळी करत आंबोळगडापर्यंत. डांबरी रस्ता शक्य तेवढा टाळायचा. नकाशावर बोट फिरवलं तर पन्नासेक किलोमीटर भरतात. सातपुड्यात दिवसाला वीस किलोमीटर जमतात, म्हणून अडीच दिवस धरलेत.

विचारायचं ते असं. कड्याच्या पायथ्याने, पाण्याला लागून सलग जाता येतं की वर सपाट कातळाच्या सड्यावरून जावं लागतं? मध्ये खाड्या आहेत त्या कशा ओलांडायच्या? सड्यावर पाणी मिळतं का? आणि अडीच दिवस पुरतील ना? सुट्ट्या दत्तजयंतीच्या सुमारास आहेत.

ज्यांना तिकडचं नीट माहीत आहे त्यांनीच सांगा. "खूप सुंदर आहे, जाऊन या" एवढं आम्हालाही माहीत आहे.

---

जंक्शन (भुसावळ)

भाऊ, आधी किलोमीटर विसरा. तिकडे दिवस आखायचा तो ओहोटीवर, अंतर त्यानंतर.

किनाऱ्यावर चालण्याचा वेग पायाखाली काय आहे त्यावर ठरतो. ओली, घट्ट वाळू असेल तर ताशी चार किलोमीटर सहज. कोरडी भुसभुशीत वाळू, अडीच ते तीन. सड्यावर पायवाट असेल तर तीन, नसेल तर दोन. आणि कड्याखाली दगडगोट्यांतून जायचं म्हटलं तर तासाला एक, फार तर दीड. शिवाय दर दोन-तीन किलोमीटरला सडा संपतो, घळीत उतरून वाडी लागते आणि पलीकडे पुन्हा चढ. नकाशातले पन्नास पायांना साठच्या पुढे पडतात. अडीच दिवसांत होणार नाही. पाच दिवस धरा, रोज बारा-तेरा किलोमीटर.

आता ओहोटी. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढे सरकते. यावरून कोळ्यांचा जुना आडाखा आहे: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार, चाराचे पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशोब. हा आडाखा मुंबईचा. रत्नागिरीला भरती मुंबईच्या थोडी आधी येते, तेव्हा अर्धा-पाऊण तास अलीकडे धरा. भरतीतून सव्वासहा तास वजा केले की ओहोटीची वेळ.

करून बघा. द्वितीयेला मुंबईची भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातला. रत्नागिरीकडे साडेसहा-पावणेसात. तृतीयेला सव्वासात-साडेसात, चतुर्थीला आठ-सव्वाआठ, पंचमीला नऊच्या अलीकडे. किनारपट्टीचा धोक्याचा भाग ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा दीड तास एवढ्यातच उरकायचा असतो. म्हणजे द्वितीयेला निघालात तर पाचही दिवस वाळूचा आणि कड्याखालचा भाग सकाळच्या गारव्यात मिळतो, आणि पाणी चढायला लागतं तेव्हा तुम्ही वर सड्यावर असता.

अष्टमीला निघालात तर सगळं उलटं. भरती सकाळी सहाच्या आत-बाहेर, ओहोटी भर बारा वाजता. त्यातून तो भांगाचा काळ, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. कड्याची जी टोकं पुनवेनंतर उघडी पडतात ती भांगाला पाण्यातच राहतात.

उधाणाचे दिवस पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन. तेव्हा पाणी लांबवर ओसरतं, पण परत येतं तेही जोरात. चढताना सगळ्या तासांत सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढतात. पहिला तास पाणी हललंसंही वाटत नाही आणि माणूस निवांत बसतो. तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी येतं.

फसगत होते ती अशी. छोट्या पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, दोन्ही अंगांना कड्याची टोकं समुद्रात घुसलेली असतात. पाणी आधी टोकांपाशी पोचतं, मधली वाळू अजून कोरडी असते. वाळूवर बसलेल्याला वाटतं वेळ आहे. उठून टोकापाशी जावं तर तिथे कमरेएवढ्या लाटा, मागे फिरावं तर मागचं टोकही गेलेलं. म्हणून पुळणीत उतरण्याआधी वर चढणारी पायवाट कुठे आहे ते बघायचं. ती दिसली नाही तर उतरायचंच नाही.

तिथीचा आडाखा नियोजनापुरता. निघण्याआधी रत्नागिरी बंदराचं छापील भरती-ओहोटीचं वेळापत्रक किंवा चांगलं अ‍ॅप बघाच. त्यात उंचीचे आकडेही असतात. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा असेल तर त्या दिवशी कड्याखाली जायचं नाही, ओहोटी असली तरी.

आणि हो, दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. द्वितीयेचा हिशोब तुमच्या सुट्टीत चपखल बसतो. फक्त सारंगखेड्याची यात्राही तेव्हाच भरते. घोडे बघायचे की समुद्र, ते सातांनी मिळून ठरवा. नाहीतर पौष पौर्णिमेनंतरची द्वितीया घ्या, गणित तेच राहतं.

---

डाईकवाला (धुळे)

वर ओहोटीचं आलं, मी दगडाबद्दल लिहितो. आपली सवय काळ्या दगडाची आहे. लळिंग असो की तोरणमाळ, बसाल्टची कड बऱ्यापैकी भरवशाची. आपल्याकडे शेतांतून भिंतीसारख्या उभ्या असलेल्या डाईक बघा, आजूबाजूचं झिजून गेलं तरी त्या उभ्याच. ती नजर घेऊन जांभ्याच्या कड्यावर उभं राहू नका.

जांभा म्हणजे बसाल्टच कुजून झालेला. लाखो पावसाळ्यांनी त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. वरचा एक-दोन पुरुष थर उन्हावाऱ्याने लोखंडासारखा टणक होतो. त्याच्या खाली मात्र पिवळट-पांढरी, साबणासारखी मऊ माती असते. पावसाचं पाणी भोकांभोकांच्या जांभ्यातून झिरपतं, या मातीवर येऊन अडतं आणि कड्याच्या पोटातून झऱ्यासारखं बाहेर पडतं. येताना माती घेऊन येतं. खालून लाटाही तेच करतात. मग वरचा टणक थर छज्ज्यासारखा अधांतरी राहतो. वरून बघणाऱ्याला तो सपाट, पक्का सडा वाटतो, कारण पायाखाली तो खरंच पक्का असतो. पोकळी त्याच्या खाली असते.

म्हणून नियम असा: कडेपासून किमान चार-पाच पावलं आत. फोटोसाठी पुढे जायचं असेल तर आधी बाजूला जाऊन, कडा वळतो तिथून, त्याच जागेचं पोट बघून घ्या. कडेला समांतर जाणारी भेग दिसली, मग ती बोटभर का असेना, तर तिच्या समुद्राकडच्या बाजूला पाय ठेवायचा नाही. भेगेत गवत उगवलेलं असलं की ती जुनी आणि स्थिर असं लोक समजतात. गवताची मुळं तीच भेग रुंद करत असतात. कड्याखाली जेवायला बसू नका, सावली कितीही चांगली असली तरी. पायथ्याला ताज्या लाल रंगाचे, कोपरे न झिजलेले धोंडे पडलेले असतील तर ते अलीकडेच वरून आलेत.

(सडा म्हणजे आपण अंगणात शिंपतो तो नव्हे हे एव्हाना कळलं असेलच. कोकणात डोंगरमाथ्यावरच्या सपाट उघड्या कातळाला सडा म्हणतात.)

सड्यावरचा दुसरा धोका चिरेखाण. ताजा कापलेला जांभा त्या मानाने मऊ असतो, हवेवर टणक होतो, म्हणून घरबांधणीचे चिरे तिथेच कापून काढतात. मागे राहतो तो चौकोनी खड्डा, भिंती ओळंब्यात, कधी दोन मजले खोल. कठडा नाही, फलक नाही, मातीचा ढीगही बऱ्याचदा नाही. दहा पावलांवर जाईपर्यंत दिसत नाही. उपग्रह-नकाशावर लाल चौकोन दिसतात ते हेच, निघण्याआधी मार्गावरचे सगळे खुणा करून ठेवा. पण खाणी दरवर्षी वाढतात आणि नकाशातलं चित्र जुनं असू शकतं, तेव्हा अंधारात सडा ओलांडायचा नाही. संध्याकाळी साडेपाचला जिथे असाल तिथून जवळच्या वाडीत उतरा. खाणीत साठलेलं पाणी निळं-हिरवं छान दिसतं. पिऊ नका, पोहायला तर उतरूच नका. भिंत ओळंब्यात असल्याने बाहेर यायला धरायला काही नसतं.

वाट चुकली तर दगडी गडगे बघा. दोन गडग्यांमधून जाणारी पट्टी ही बहुतेक वेळा गुराढोरांची किंवा जुनी गावाची वाट असते आणि ती वाडीकडेच नेते. गडगा ओलांडून आंब्याच्या बागेत मात्र शिरू नका. विचारलं तर लोक आनंदाने वाट दाखवतात. न विचारता शिरलात तर राखणीची कुत्री आहेत.

---

बोरीकाठ (पारोळा)

मी फक्त पाणी आणि उन्हाबद्दल लिहितो.

तठलं ऊन आपल्यासारखं नाही, भो. आकडा बघून हसू नका. जळगावला मे महिन्यात ४४-४५ झेलणाऱ्याला रत्नागिरीचे ३२ म्हणजे थट्टा वाटते. आपल्याकडे कूलर का चालतो? हवा कोरडी, पाणी पटकन उडतं आणि उडताना गारवा देतं. आपला घामही तेच करतो. कोकणात हवेत आधीच बाष्प भरलेलं. घाम उडत नाही, नुसता ओघळतो, अंग तापलेलंच राहतं. म्हणून आपला माणूस तिकडे बारा वाजता बसतो आणि म्हणतो, ऊन तर काहीच नाही, मग चक्कर का येते?

डिसेंबर-जानेवारीत सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, त्यात चालणं सुखाचं. दहा-अकराच्या पुढे तो पडतो आणि खारा वारा सुरू होईपर्यंतचा जो मधला तास-दीड तास असतो तो सगळ्यात वाईट. त्या वेळी सड्याच्या मध्यावर असू नका. सडा उघडा असतो, झाड नाही, काळपट दगड खालून तापतो. अकरा ते तीन वाडीत, देवळात, सुरूच्या बनात काढा.

माणशी चार लिटर पाणी पाठीवर. दोन बाटल्या आणि एक पिशवी अशी विभागणी करा, एकच भांडं फुटलं तर सगळं जातं. डिसेंबरनंतर सड्यावर पाणी नसतंच. पाणी वाड्यांत, विहिरीवर, विचारून. नुसतं पाणी ढोसू नका. दर लिटरमागे क्षारसंजीवनीची अर्धी पुडी किंवा चिमूटभर मीठ, साखर, लिंबू. दुपारपर्यंत लघवी गडद पिवळी असेल तर तुम्ही मागे पडलात असं समजा.

खाण्याचं: आपली कळण्याची भाकरी इकडे थंडीत तीन दिवस टिकते म्हणून भरभरून नेऊ नका. दमट हवेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडेला बुरशी धरते. दशम्या एक दिवसाच्या, पुढे शेंगदाणे, गूळ, खजूर, भाजलेले हरभरे. लसणाची चटणी कोरडी न्या, तेलातली बॅगेत सांडते आणि मग पाच दिवस बॅगेला तोच वास.

---

केळीपट्टा (चोपडा)

बरं झालं विचारलं. अडीच दिवसांचे पाच केले, द्वितीयेचंही ठरलं. यात्रेवरून घरात वाद आहे तो आम्ही बघतो.

आणखी थोडं. मुक्काम कुठे कुठे करावा? तंबू दोन आहेत, पुळणीवर लावले तर चालतील का? ६१ वर्षांच्या नानांचे गुडघे उतारावर बोलतात, त्यांच्यासाठी काय? आणि बूट कोणते?

---

गोमाई (शहादा)

दादा, टप्प्यांनी सांगते, म्हणजे कुठे काय आहे ते लागोपाठ कळेल.

पहिला दिवस भाट्ये ते पावस. भाट्येची पुळण लांब आणि घट्ट, मागे सुरूचं बन, सुरुवातीला पाय मोकळे करायला उत्तम. पुढे कासोप, वायंगणी. रनपार-गोळपच्या बाजूला कारखान्याची हद्द आणि जेटी आहे, तिथे किनाऱ्याने जाण्याचा हट्ट नको. वायंगणीनंतर वर येऊन रस्त्याने पावस गाठा, रिक्षा मिळाली तर तेवढा तुकडा रिक्षाने जाण्यात कमीपणा नाही. हा दिवस सगळ्यात लांब आहे. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिराचा भक्तनिवास आहे. सात जण असाल तर आधी कळवा.

दुसरा दिवस गणेशगुळे करून पूर्णगड. अंतर कमी, म्हणून मुद्दाम दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशीचे फोड याच दिवशी समजतात. पूर्णगड छोटा किल्ला आहे, मुचकुंदी नदीच्या मुखावर. वरून खाडी आणि पलीकडची गावखडीची पुळण दोन्ही दिसतात. संध्याकाळी तिथे उभं राहून उद्याची वाट डोळ्यांनी चालून घ्यायची.

खाडीचं उत्तर इथेच. मुचकुंदीवर पूल आहे, पुलावरून जा. ओहोटीला पाणी गुडघाभर दिसतं आणि मोह होतो. खाडीच्या तळाशी एक तर रुतणारा चिखल, नाहीतर कालवांचे, म्हणजे दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांचे, थर. कालवाची कड ब्लेडसारखी असते आणि जखम हमखास पिकते. वाळूत पाकट ही चपटी मासळी लपलेली असते, तिच्या शेपटीचा काटा बुटातूनही जातो. शिवाय मुखाशी ओहोटीचा प्रवाह समुद्राकडे ओढतो. पूल नसेल तिथे होडी, होडी नसेल तर वळसा. चौथा पर्याय नाही.

तिसरा दिवस गावखडी आणि वेत्ये. या दोन्ही पुळणी ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीच्या. हिवाळ्यात माद्या रात्री अंडी घालायला येतात. म्हणून तंबू पुळणीवर नको. माणूस, उजेड, आवाज दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरते. अंधारात बॅटरी घेऊन पाण्याच्या कडेने फिरू नका. जाळीचं कुंपण दिसलं तर ते अंड्यांचं राखीव घरटं आहे, लांबून बघा. तंबूचं एरवीही सांगते: वाळूवर खुंट्या धरत नाहीत, उधाणात रात्री बाराच्या सुमारास भरती असते आणि खारं दव सगळं भिजवतं. वाडीत घरगुती मुक्काम मिळतो, तंबू घरीच ठेवा. तेवढं ओझं कमी झालं की नानांचे गुडघेही कमी बोलतील.

चौथा दिवस कशेळी. कनकादित्याचं देऊळ, सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच. देवघळीचा कडा बघण्यासारखा, वर डाईकवाल्या भाऊंनी सांगितलेली चार-पाच पावलं तिथे विसरू नका. कशेळीच्या सड्यावर कातळशिल्प आहे, हत्तीची आकृती अठरा मीटरच्या आसपास लांब आणि तिच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात, हत्ती दिसायला उंचावरून किंवा बाजूने नजर टाकावी लागते. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जा, रेघांत सावली पडते तेव्हाच आकृती उठते. दुपारी बाराला गेलात तर काही नाही. बूट घालून रेघांवर चालायचं नाही, खडूने किंवा पाण्याने रेघा ठळक करायच्या नाहीत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळी आहे.

पाचवा दिवस गोडिवणे आणि आंबोळगड. सोपा आहे.

नानांसाठी: दोन काठ्या, एक नव्हे. उतारावर काठ्या थोड्या लांब करायच्या, चढावर आखूड. वाड्यांत उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांना पाखाडी म्हणतात, पायऱ्यांची उंची कमी-जास्त असते, म्हणून बाजूने नागमोडी उतरायचं. कशेळीचा दिवस जड वाटला तर ते एसटीने पुढे जाऊन थांबू शकतात. सगळ्या वाड्या रस्त्याला जोडलेल्या आहेत, हाच या वाटेचा मोठा फायदा.

बूट घोट्याच्या वर, तळ जाड रबराचा, खोल खाचांचा. जांभा तळ घासून खातो, स्वस्त फोमचा तळ पाच दिवसांत गुळगुळीत होतो. चामडं नको, खाऱ्या पाण्याने कडक होतं. जाळीदार कापड असलेला, पाणी निथळणारा बूट बरा. भरतीरेषेखालचा काळा-हिरवा कातळ शेवाळलेला असतो, तिथे कुठलाच बूट धरत नाही. शंख-शिंपले चिकटलेला खडबडीत दगड असेल तिथेच पाऊल टाका. मोजे रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात धुवा. वाळू राहिली की दुसऱ्या दिवशी तीच सॅंडपेपरचं काम करते.

---

बोरीकाठ (पारोळा)

गोमाई ताईंचं सगळं पटलं, हंगाम सोडून. सडा बघायचा तर सप्टेंबरच्या शेवटी. डिसेंबरात सडा म्हणजे तपकिरी कातळ आणि वाळलेलं गवत. पावसाळ्याच्या शेवटी तोच सडा जांभळा-पिवळा असतो: सीतेची आसवे, गेंद, तेरडा, कवला, आणि ओलसर खडकावर चिकट केसांनी किडे धरणारी दवबिंदू.

---

डाईकवाला (धुळे)

फुलांचं खरं आहे, पण पाच दिवस सलग किनाऱ्याने चालायला सप्टेंबर नको. जांभा पाणी पिऊन जड झालेला असतो, खालची माती ओली, आणि कडे कोसळतात ते बहुतेक याच काळात. सड्यावर दोन इंच पाणी साचलेलं असतं, त्याखाली शेवाळ. चिरेखाण काठोकाठ भरली की ती खाण आहे हे कळतही नाही, डबकं समजून माणूस पाय टाकतो. समुद्रही शांत झालेला नसतो.

फुलं बघायची तर सप्टेंबरात एक दिवस गाडीने सड्यावर जा, कडेपासून लांब, स्थानिक माणूस बरोबर घेऊन. शक्यतो दगडावरूनच चाला. ही झाडं वीतभरही नसतात आणि दोन-तीन इंच मातीत उगवतात, एका बुटाखाली पन्नास जातात.

---

जंक्शन (भुसावळ)

फुरसं या विषारी सापाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

रत्नागिरीचे सडे म्हणजे फुरशांचं घर. लांबी हात-दीड हात, रंग अगदी वाळलेल्या गवताचा. दिवसा दगडाखाली, गडग्याच्या फटीत. डिवचलं तर अंगाचं वेटोळं घासून तेलात काही तळल्यासारखा आवाज करतं. तो आवाज आला की आहात तिथे थांबा, कुठून येतोय ते बघा, मग मागे सरका. गडग्यावर बसायचं नाही, दगड हाताने उलटायचा नाही, बसण्याआधी काठीने जागा ठोकायची. सकाळी बूट झटकून घालायचे.

चावलं तर: पाय हलवायचा नाही, लाकडाची पट्टी बांधून स्थिर करायचा, अंगठी-कडं-बूट काढायचे कारण सूज येते. आवळून दोरी बांधणं, चिरणं, चोखणं यांतलं काही नको. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, चिरा दिला तर रक्त थांबणारच नाही. १०८ ला फोन. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ घालवू नका. सुरुवातीला नुसती सूज दिसते आणि माणूस बरा वाटतो, तरीही थांबायचं नाही. समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३.

डिसेंबरात कुसळंही तयार असतात. सुती मोज्यांतून आत शिरतात आणि चालताना आणखी आत जातात. गुळगुळीत कापडाची पॅन्ट बुटावर ओढून खाली बांधा.

आणि जायचं कसं ते राहिलं. भुसावळहून मंगला एक्सप्रेस थेट रत्नागिरीला जाते, गाडी बदलावी लागत नाही. तिचं आरक्षण मिळालं नाही तर कुठल्याही गाडीने कल्याण, तिथून पनवेलला जाऊन कोकण रेल्वे. रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे, भाट्येपर्यंत रिक्षा करावी लागेल. परतीला आंबोळगडहून नाटेमार्गे राजापूर. एसटीच्या वेळा आंबोळगडला पोचल्यावर विचारू नका, कशेळीलाच विचारून ठेवा, शेवटची गाडी हुकली तर सात जणांना रात्री वाहन मिळणं कठीण. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रत्नागिरीत हवेत तुम्ही, कारण द्वितीयेला पहाटे उजाडताच भाट्येची वाळू उघडी असेल.

---

केळीपट्टा (चोपडा)

तिकिटं काढली. पौष पौर्णिमेनंतरची द्वितीया. यात्रा जिंकली.